अव्वाच्या तोंडातले दात

औसा
९ जून २०२५

अंबिका,

शरणार्थ.

पत्र बघून दचकू नको, कुणी गेलं न्हाई. जायचं होतं ते माणूस मार्चातच गेलं. फोन करत न्हाई, कारण फोनवर तू रडतेस आणि रडणाऱ्या माणसाला उलटा सवाल विचारता येत न्हाई. व्हॉट्सॲपवर लिहीत न्हाई, कारण त्यातून येणाऱ्या कशावरच माझा आता भरवसा उरला न्हाई. कागदावरचं अक्षर माझंच हाय, हे तुला बघताच कळंल. तू पण असंच उत्तर दे, स्वतःच्या हातानं. लेकीला लिहायला बसवू नको. वर्षाराणीचं गोल गोल अक्षर मला ठाऊक हाय.

तू धाडलेला व्हिडिओ मिळाला. नऊ सेकंदांचा. अव्वा माझ्याकडं बघते, डोळे मिटते, उघडते आणि म्हणते, “दानम्मा, माझ्या मनात काही नाही. सुखी राहा.” खाली तू लिहिलंस, ‘अक्का, जायच्या आदल्या दिवशी अव्वा तुझ्यासाठी बोलली होती. तेव्हा पाठवायचं सुचलं नाही.’

पहिल्या दिवशी मी तो तीस-चाळीस वेळा बघितला. रडले. शेजारच्या कावेरीबाईला दाखवला, ती पण रडली. मग आमच्या ह्यांना दाखवला. सिद्रामप्पा म्हणजे तुला ठाऊकच, जग बुडत असलं तरी आधी चपला भिंतीला सरळ लावणार, मग बोलणार. चपला लावल्या, बघितलं आणि म्हणाले, “झालं ना मनासारखं? आता तरी नीट जेव.” मी जेवले. तीन महिन्यांनी पोटभर जेवले बघ.

दुसऱ्या दिवशी परत बघितला आणि ताट बाजूला सारलं.

जन्म दिल्यापासून अव्वा मला ‘दानम्मा’ कधी म्हणाली गं? लाडात असली तर दानी, रागात असली तर दान्ये. आणि ‘माझ्या मनात काही नाही’? अव्वा बिदरकडची. साठ वर्षं हिकडं काढली तरी तिचं मराठी निम्मं कानडीच होतं. तिला जन्मात कधी असलं पुस्तकातलं ‘नाही’ म्हणताना ऐकलंस? ती मरताना शाळामास्तरीण झाली का काय?

तू म्हणशील, अक्काला शंका घ्यायची सवयच हाय. हाव, हाय. अव्वा तुझ्याकडं होती तेव्हा ‘अव्वाची तब्येत बरी न्हाई, लगेच ये’ असा फोन करून तू मला तुझ्या वास्तुशांतीला बोलवून घेतलं होतंस. मी धावत-पळत नांदेडला आले, तर अव्वा पाटावर बसून बुंदी खात होती. सगळे हसले. मी पण हसले, पण मनातून न्हाई. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकसुद्धा फुंकून पितं.

मला एकच गोष्ट कळायला पाहिजे. अव्वानं शेवटी मला बोलावलं का, माझी आठवण काढली का? काढली असंल तर तिच्या तोंडून काय निघालं ते जसंच्या तसं सांग. काढली नसंल तर तसं सांग. एकोणीस वर्षं ती माझ्या घरात राहिली, मोतीबिंदूचं निमित्त करून तू तिला आठ दिवसांसाठी नेलंस ते पाच महिने ठेवलंस, आणि मला वेळेवर कळवलं न्हाईस म्हणून मी मातीलासुद्धा पोचले न्हाई. एवढं विचारायचा मला हक्क हाय.

तुझं उत्तर येईपर्यंत मी हातावर हात धरून बसणार न्हाई. बसस्टँडजवळ व्यंकटचा फोटो स्टुडिओ हाय. उद्यापासून तिथं फोटोशॉप शिकायला जाणार. हसू नको.

दानम्मा


औसा
२४ जून

अंबिका,

तुझं उत्तर आलं. दोन ओळी. ‘अक्का, तू अशी कशी गं? मेलेल्या माणसावर पण शंका घेतेस?’ मी मेलेल्या माणसावर घेतली न्हाई, जित्यावर घेतली. विचारलं एक, उत्तर दुसरंच. चोराच्या मनात चांदणं, एवढंच म्हणते.

हिकडचं सांगते. व्यंकट हा मूळचा देगलूरचा. पंचेचाळिशीचा गडी, पोट सुटलेलं, स्वभावानं गरीब. दुकानात निम्मे फोटो आणि निम्मे फ्लेक्स, भावी अमुक आणि कार्यसम्राट तमुक. मला बघून म्हणाला, “या अक्का. नातवाचा फोटो बनवायचाय का?”

मी म्हणले, “न्हाई. खोटा फोटो कसा करतात ते शिकायचंय.”

त्यानं आधी रस्त्याकडं बघितलं, मग माझ्या पिशवीकडं. “कुणी धाडलं तुम्हाला?” म्हणाला. त्याला वाटलं मी कुणाची तरी हेर हाय. गेल्या महिन्यात त्यानं एका फ्लेक्सवर पंचवीस जणांत बसलेला एक माणूस काढून टाकला होता, आणि तो माणूस काठी घेऊन आला होता. माझी अंगणवाडीतली तीस वर्षांची नोकरी सांगितली तेव्हा कुठं त्यानं खुर्ची पुढं सारली.

पहिले चार दिवस नुसता माउस धरायला गेले. बाण माझ्या मनाला येईल तिकडं जातच न्हाई. लासो म्हणून एक हत्यार असतंय, माणसाच्या कडेकडेनं ते फिरवायचं की तेवढं माणूस मागच्या भिंतीपासून सुटं होतं. मी ह्यांना सुटं करायला घेतलं आणि त्यांचा उजवा कान भिंतीतच राहिला. घरी दाखवलं तर म्हणाले, “बरं झालं, तुझं कमी ऐकू येईल.”

मग लेयर शिकले. एकावर एक पातळ कागद ठेवल्यासारखं असतंय, वरच्या कागदावर काहीही करा, खालचा तसाच राहतो. म्हणजे खरं चित्र खाली शाबूत असतं, फक्त झाकलेलं. व्यंकटनं मला हे सांगितलं तेव्हा मला तुझी आठवण झाली.

आणि लोक काय काय मागायला येतात, तुला खोटं वाटंल. एकानं मेलेल्या भावाचा आधार कार्डावरचा फोटो आणला, त्याला कोट-टाय घालून पाहिजे होता. एक बाई आली, सगळ्या घराच्या फोटोतून थोरली सून काढा म्हणाली, पण तिच्या कडेवरचं लेकरू ठेवा. व्यंकटनं ठेवलं! लेकरू हवेत नको म्हणून सासूच्या मांडीवर बसवलं. बाई खूश होऊन गेली. इथं माणसं रोज खोटं मागायला येतात आणि डोळे पुसत घेऊन जातात.

एक काम मात्र त्यानं माझ्याकडंच दिलंय. आपल्या लोकांत कुणी गेलं, लिंगैक्य झालं की फोटोतल्या कपाळावर इभूत काढून मागतात. ह्या बाबानं एका आजोबांना उभं गंध लावून दिलं होतं. घरचे लोक दुकानात येऊन लई बोलले. आता मी काढते. आडव्या तीन पट्ट्या, कपाळाच्या वळणानं, कडेला जरा फिक्या. व्यंकट म्हणतो, “अक्का, तुमचा हात बसला.”

म्हणून सांगते, तुझ्या व्हिडिओकडं मी आता नुसत्या डोळ्यांनी बघत न्हाई. खरं काय ते सांगायला अजून वेळ हाय.

दानम्मा


औसा
८ जुलै

अंबिका,

सापडलं.

तू काही उत्तर दिलं न्हाईस, त्याची आता गरज पण उरली न्हाई. क्रमानं सांगते, म्हणजे तुला मधे शिरायला जागा राहणार न्हाई.

व्यंकटनं मला फोटो हलवायला शिकवलं. फोटोत पिना टोचायच्या, एक मानेला, एक खांद्याला, आणि खाली जी वेळेची पट्टी असते तिच्यावर पुढं पुढं जात एकेक पिन जरा जरा सरकवायची. पहिल्यांदा कावेरीबाईच्या वासराची मान हलवली. वासरू नंदीबैलासारखं ‘हो हो’ करायला लागलं. कावेरीबाईनं ते मला दहा वेळा लावायला लावलं. मग व्यंकट म्हणाला, “अक्का, एवढी मेहनत आता कोण करतं? फोनात ॲप हाय. एक फोटो द्या, बोलायचं ते द्या, माणूस बोलतं.” त्यानं माझाच तोंड मिटलेला फोटो घातला आणि मी पडद्यावर बोलायला लागले. माझी वरची दाढ पडून दोन वर्षं झाली. पडद्यावरच्या दानम्माच्या तोंडात बत्तीस दात, पांढरे शुभ्र!

मी म्हणले, “हे कुठून आणले?”

“तोंड मिटलेलं असलं की कंप्युटर दात मनानंच घालतो. त्याला काय ठाव, कुणाचे किती पडले.”

मी तिथंच फोन काढला, तुझा व्हिडिओ मोठ्या पडद्यावर लावला आणि एकेक चित्र करत पुढं नेला. ‘सुखी’वर तोंड उघडतं. अंबिके, अव्वाला खालचे समोरचे दात होते का गं? कवळी करू म्हणलं तर ‘म्हातारीला कशाला नवरीचं तोंड’ म्हणायची. भाकरी दुधात कुस्करून मीच द्यायचे. आणि तुझ्या व्हिडिओत तिच्या तोंडात लग्नातल्या नवरीसारखी दातांची ओळ!

अजून हाय. व्यंकटनं खांदा मोठा करून दाखवला. अव्वाच्या हिरव्या इरकलीवर एक अंगठा हाय. नुसता अंगठा, त्याला पुढं माणूसच न्हाई! वर्षाराणीच्या साखरपुड्यात उमाशंकर भाऊजी अव्वाच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते, तो फोटो माझ्याकडं पण हाय. तू नवऱ्याला काढलंस आणि त्याचा अंगठा विसरलीस. व्यंकट हसायला लागला, मग माझं तोंड बघून त्यानं चित्र परत लहान केलं.

आणि आवाज तुझा. बारीक केला, थरथरवला, तरी तुझाच.

म्हणजे अव्वा माझ्यासाठी काही बोललीच न्हाई. खरं ना? तू माझ्या दुःखाचा खेळ केलास. मी तो व्हिडिओ अख्ख्या गल्लीला दाखवला, कावेरीबाई त्याला हात जोडते. कुठल्या तोंडानं सांगू तिला? एवढी बेइमानी कशासाठी केलीस त्याचा खुलासा कर. न्हाई केलास तर हे पत्र शेवटचं.

दानम्मा


औसा
१७ जुलै

अंबिका,

तुझं चार पानांचं पत्र आलं. दोनदा वाचलं. ह्यांनी पण एकदा वाचलं.

तू कबूल केलंस, ते बरं केलंस. दोन महिने लेकीच्या मागं लागून तू हे शिकलीस म्हणतेस. पहिल्यांदा अव्वाचे डोळे वेगवेगळे मिटायचे, एक आधी, एक नंतर. दुसऱ्या वेळी मान उलटी वळली आणि तू किंचाळून फोन टाकलास. हसू आलं मला. चोपन्न वर्षांची तू खोटं करायला शिकायलीस आणि एकसष्ट वर्षांची मी ते पकडायला. अव्वा असती तर दोघींच्या पाठीत धपाटा घातला असता.

तू लिहितेस, ‘मातीच्या तिसऱ्या दिवशी तू माझ्या दारात उभी राहून विचारलंस, अव्वानं माझं नाव तरी काढलं का, आणि मी गप बसले. तुझं ते तोंड माझ्या डोळ्यांपुढून जाईना. म्हणून केलं.’ ठीक हाय. मान्य. पण पुढं काय लिहिलंस बघ. ‘अक्का, खरं सांगते, अव्वा तुझ्याबद्दल काहीच बोलली नाही. शेवटचे दोन दिवस ती सारखी लघवीला म्हणायची. भांडं लावलं की काही व्हायचं नाही, काढलं की परत तेच. डॉक्टरांना दाखवायला मी ते फोनवर घेतलं होतं. शेवटचं बोलणं तेवढंच. ते बघण्यासारखं नाही.’

म्हणजे खरा व्हिडिओ हाय! चार महिने तुझ्या फोनात पडून हाय आणि तू मला दात असलेली अव्वा धाडतेस.

एवढ्यासाठी कुणी लपवतं का? मी तीस वर्षं लेकरांचं हागणं-मुतणं काढलं, अव्वाचं पण काढलं. मला कसली लाज? त्यात दुसरं काहीतरी हाय. ती मला शिव्या घालते का? ‘दानी आली न्हाई, तिचं तोंड बघायचं न्हाई’ असं म्हणते का? का तू तिच्यावर ओरडलीस? काय हाय ते असू दे, मला ते पाहिजे. काटछाट न करता. काटलेलं मला आता लगेच कळतं.

दानम्मा


औसा
२८ जुलै, श्रावणातला पहिला सोमवार

अंबिका,

अकरा दिवस झाले. ना पत्र, ना व्हिडिओ. मी रागानं चार पानं लिहून फाडली. आज उपास हाय, पोटात काही न्हाई, म्हणून असंल, जे कधी लिहिलं नसतं ते लिहिते.

मी पण केलं.

तुझा व्हिडिओ खोटा निघाला त्याच आठवड्यात. माझ्याकडं अव्वाचा एक फोटो हाय, अंगणात गहू निवडत बसलेला. व्यंकट जेवायला गेला होता. मी तिचा हात लासोनं सुटा केला, कोपराला पिन लावली, माझा फोटो तिच्यापुढं बसवला आणि तिचा हात हळूहळू माझ्या डोक्यावर आणून ठेवला. चार सेकंद. तुझ्यापेक्षा चांगलं जमलं, खोटं कशाला बोलू. अंगठा-बिंगठा काही राहिला न्हाई. लावलं, बघितलं. परत लावलं. व्यंकट आला तरी मी बघतच होते. तो म्हणाला, “अक्का, हे घरी नेऊ नका. रोज बघत बसाल.” मी पुसून टाकलं. एवढंच झालं. तुला बेइमान म्हणले ते मागं घेते.

आणि एक हाय. मी पहिल्या पत्रात लिहिलं, मला वेळेवर कळवलं न्हाईस म्हणून. तू त्यावर एक शब्द बोलली न्हाईस. चार पानांच्या पत्रात पण न्हाई. मी वाट बघत होते तू कधी बोलशील, म्हणजे मला भांडता येईल.

तू कळवलं होतंस. पहिला फोन मी उचलला. तू म्हणलीस, “अक्का, अव्वाचं काही खरं न्हाई, ये.” मी म्हणले, “किती वेळा फसवशील? आता कशाचं जेवण हाय?” आणि ठेवला. मग तू परत लावलास. मी फोन पालथा घातला. ह्यांनी विचारलं, कुणाचा? मी म्हणले, कंपनीचा. दोन दिवसांत अकरा वेळा लावलास, मोजलेत मी. भाऊजींचा बारावा आला तेव्हा उचलला, तोवर झालं होतं.

ह्यांना पण अजून ठाऊक न्हाई. तुला ठाऊक होतं आणि तू चारचौघांत काढलं न्हाईस. का काढलं न्हाईस गं? त्याचीच मला लई शंका यायची, की हिच्या मनात काय हाय.

म्हणून मला तो व्हिडिओ पाहिजे. तिनं शिव्या घातल्या असतील तर त्या माझ्या हक्काच्या हाएत. धाड.

दानम्मा


औसा
६ ऑगस्ट

अंबिके, माझी बाई,

व्हिडिओ मिळाला. हे पत्र लई वेळा सुरू केलं. अक्षर वेडंवाकडं आलंय, पण माझंच हाय.

आधी सांगते, मी तुझ्यावर तेव्हाही विश्वास ठेवला न्हाई. व्यंकटकडं नेला. म्हणले, जोड कुठं हाय ते शोध. एक मिनिट दहा सेकंद आम्ही एकेक चित्र करत बघितलं. खिडकीतून सकाळचं ऊन येतंय. अव्वाचं तोंड उघडं, खाली दात न्हाईत. गळ्यातला लिंगाचा दोरा उशीकडं सरकलेला, कपाळावरची इभूत पुसटलेली, म्हणजे तू तिथं पण रोज लावत होतीस. व्यंकट म्हणाला, “अक्का, ह्याला कुणी हात लावला न्हाई. हे खरं हाय.”

पण बोलणं कळेना. वरच्या पंख्याचा आवाज लई. व्यंकटनं आवाज चित्रापासून सुटा केला, पंख्याची घरघर कमी केली, अव्वाची बाजू वर उचलली. मग ऐकू आलं. ती म्हणते, “लगू… बा.” मधे तू म्हणतेस, “हो अव्वा, लावते, थांब जरा.” भांड्याचा आवाज येतो. ती मान हलवते आणि दाराकडं बघत परत, “लगू बा गं. बा.” व्यंकट शरमेनं उठून बाहेर गेला. त्याला पण तेच वाटलं जे तुला वाटलं, की म्हातारी लघवीला म्हणते.

अंबिके, ते लघवीला न्हाई. ती कानडी हाय.

लगू म्हणजे लवकर. बा म्हणजे ये. लवकर ये गं, ये.

तुला कसं कळावं? तू जन्मलीस तेव्हा आपण लातूरला आलो होतो, बिदर सुटलं होतं. घरात अप्पांना कानडी चालत न्हवती. अव्वा कानडी बोलायची ती एकट्या माझ्याशी. त्या खोलीत तू होतीस, भाऊजी होते, वर्षाराणी होती, नर्स होती. त्यातल्या एकालाही ‘लगू बा’ म्हणून काही कळलं नसतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मग ती कुणाला म्हणत होती? नाव घ्यायची तिला गरजच न्हवती.

मी दुकानात मोठ्यानं रडले. गिऱ्हाईक होतं, तरी रडले. तिनं मला बोलावलं. सत्तर सेकंदांत सहा वेळा बोलावलं. मला हेच पाहिजे होतं ना? मिळालं. ती बोलवत होती आणि मी इथं फोन पालथा घालून भाकरी थापत होते.

ह्यांना काल सगळं सांगितलं, अकरा फोनचं पण. बाहेर जाऊन बसले, मग आत येऊन म्हणाले, “अंबिकाला सांग आधी.”

म्हणून आता तुला ते सांगते जे कुणालाच ठाऊक न्हाई. लहानपणी मी आणि अव्वा कानडीत काय बोलायचो? बाकी काही न्हाई, जे तुला कळू द्यायचं न्हाई ते. तुझ्यासाठी फ्रॉक शिवायचा असो, तुला सोडून जत्रेला जायचं असो, की तुझ्या लग्नाचं बोलणं. तू दारात आलीस की आम्ही भाषा बदलायचो. तू अव्वाचं लुगडं ओढून मला विचारायचीस, “काय म्हणली गं अव्वा?” आणि मी म्हणायचे, “काही न्हाई.” तुला शिकवू का, असं अव्वानं एकदा विचारलं होतं. मी म्हणले, नको. मला ती एकटीला पाहिजे होती. तू शिकली असतीस तर तुला त्या खोलीत कळलं असतं, तू फोनवर तेवढे दोन शब्द मला म्हणली असतीस, आणि ते ऐकून मी अनवाणी निघाले असते. त्यावर मी शंका घेतली नसती गं.

भांडं लावल्याचं मनाला लावून घेऊ नको. तुला जे कळलं ते तू केलंस. लावलंस, काढलंस, पुसलंस, परत लावलंस, आणि तुझा आवाज एकदाही चढला न्हाई. मी तो पण एकटा काढून ऐकला, पंखा बंद करून. मीच बाई चढलेला आवाज शोधत होते. सापडला न्हाई.

उद्या सकाळच्या गाडीनं निघते, लातूरला बदलून दुपारपर्यंत नांदेडला. तू ये म्हणली न्हाईस. तरी येते.

तुझी
अक्का